शुभ बोल नाऱ्या! अथवा ‘निराशावादी’ हे विशेषण कोणास लावावे?

शाळेच्या अभ्यासात विरुद्धार्थी शब्दांच्या ज्या जोड्या मुले पाठ करितात, त्यांत आशावादी आणि निराशावादी ही एक जोडी असते. मुले ती पाठ करितात, परीक्षेत लिहितात, आणि पुढे हे शब्द कोणाच्या तोंडी जाऊन काय काम करितात ह्याची चौकशी कोणी करीत नाही. पूर्वी ‘निराशावादी’ हा शब्द व्याख्यानांत व मासिकांत वावरत असे. आता तो आपल्या बीड जिल्ह्यातील आठवड्याच्या बाजारात, एस. टी.च्या थांब्यावर, ग्रामसभेत, इतकेच काय पण मंडळीच्या पंचांच्या बैठकीतही ऐकू येतो. “आमच्या आत्याबाई फार निराशावादी आहेत, त्यांना विचारू नका.” “मास्तरांचे म्हणणे निराशावादी आहे.” “अलीकडे मी निराशावादी झालो आहे.” व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही वाक्ये निर्दोष आहेत. परंतु पहिल्या वाक्याने एका बाईला गप्प बसविले आहे, दुसऱ्याने एक मत तपासल्यावाचून खोडले आहे, आणि तिसऱ्यात एका माणसाने आपल्या दुःखास चुकीचे नाव दिले असण्याचा संभव आहे.

कोणी म्हणेल, एका विशेषणाचा एवढा विचार कशास? तर त्याचे कारण असे की, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपणां सर्वांस पाठ आहे, आणि खोटी साक्ष म्हटली म्हणजे कचेरी, शपथ व पंचनामा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण रोजच्या बोलण्यात साक्ष बहुधा विशेषणाच्या द्वारे दिली जाते. चोर म्हणावयास पुरावा लागतो. ‘निराशावादी’ म्हणावयास काहीच लागत नाही. आणि ज्याला तसे म्हटले त्याचे पुढचे सगळे बोलणे आधीच खोटे ठरून जाते.

आपल्या भाषेत ह्या जातीचे शब्द पूर्वीपासून आहेत, आणि त्यांचा इतिहास मोठा मजेचा आहे. उदास हा शब्द आज आपण खिन्न माणसास लावितो. परंतु ‘उदासीन’ ह्या मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ अलग, वेगळा बसलेला. जुन्या राजनीतीच्या ग्रंथांत जो राजा दोघांच्या भांडणात कोणाच्याही बाजूस नसे, त्याला उदासीन म्हणत. संतांच्या वाणीतही उदास हा दोष नसून गुण आहे, म्हणजे धनात असूनही ज्याचे मन धनाला चिकटलेले नाही तो. निराश ह्या शब्दाचेही तसेच. गीतेत निराशी हे पद स्तुतीचे आहे. ज्याने फळाची अपेक्षा टाकली त्याला ते लाविले आहे. म्हणजे जे शब्द एके काळी मोकळ्या मनाचे वर्णन करीत, तेच आज खचलेल्या मनाचे वर्णन करितात. शब्दांचे असे होत असते, त्यात आश्चर्य नाही. पण आपण वापरतो तो शब्द आधी कोणाच्या घरी राहून आला आहे, हे ठाऊक असलेले बरे.

खेड्यातील मनुष्य आपल्या मनाची गोष्ट सांगताना ह्यापैकी कोणताच शब्द फारसा वापरीत नाही. तो म्हणतो, करमत नाही. मन लागत नाही. जीव कशात रमत नाही. अमक्याने हातपाय गाळले, तमका खचला, ह्याने धीर सोडला. ह्या सर्व बोलण्यांत एक शहाणपण आहे, ते असे: करमत नाही म्हणणारा माणूस आपणाविषयी कायमचे काही सांगत नाही. काल करमत होते, आज करमत नाही, उद्या कदाचित करमेल. “मला उदास वाटते” असे जे आपण म्हणतो, त्यातही उदासपणा बाहेरून आलेला आहे आणि मी त्याचा यजमान आहे. दारी आलेला पाहुणा जसा येतो तसा जातो. “मी निराशावादी आहे” ह्या वाक्यात मात्र पाहुणाच घरधनी होऊन बसतो.

कारण त्या शब्दाच्या शेवटी ‘वाद’ बसला आहे. वाद म्हणजे मत, सिद्धान्त. निराश होणे ही मनाची अवस्था आहे. निराशावादी असणे म्हणजे शेवट वाईटच होणार असे ठरवून बसणे. हा शब्द आपल्याकडे युरोपातील विचारांच्या मागोमाग आला. तिकडे लायब्नित्स नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, शक्य असलेल्या सर्व जगांत हेच जग सर्वोत्तम होय. पुढे १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, लोक उपासनेस जमलेले असताना पोर्तुगालातील लिस्बन शहर भूकंपाने कोसळले, आणि हजारो माणसे मेली. तेव्हा व्होल्तेर ह्या फ्रेंच लेखकाने १७५९ साली एक कथा लिहून त्या सर्वोत्तम जगाच्या मताची थट्टा केली. आशावाद व निराशावाद हे शब्द अशा पंडितांच्या भांडणात घडले. सगळ्या सृष्टीचा हिशेब जमेचा की तोट्याचा, असा तो प्रश्न होता. आत्याबाईंनी “ह्या वर्षी बोअर टिकायची नाही” म्हटले, तर त्यांनी सृष्टीचा हिशेब मांडला असे होत नाही. त्या एका बोअरविषयी बोलत आहेत.

ह्यावरून आपल्याकडची म्हण आठवते: शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. लग्नघरी नाऱ्याला तोंड सांभाळून बोल म्हणून बजाविले, आणि त्याने तोंड उघडताच अभद्र बोलला. ही म्हण आपण नाऱ्याला हसण्यासाठी सांगतो. पण मांडवाला खरोखरच आग लागली असेल तर? मग नाऱ्याने काय बोलावे अशी आपली अपेक्षा आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणीत नाही. घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, ही समजूत आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरांतून अजून गेलेली नाही. वाईट बोलले म्हणजे वाईट होते, ह्या भीतीने आजार लपविले जातात, कर्ज लपविले जाते, विहिरीचे पाणीसुद्धा लपविले जाते. जुन्या भीतीला आता नवा, शिकलेला शब्द मिळाला आहे, इतकेच. पूर्वी “अभद्र बोलू नको” म्हणत. आता “निराशावादी बोलू नका” म्हणतात.

विहिरीचेच उदाहरण घेऊ, कारण आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडतो आणि पाण्याची गोष्ट आपल्याकडे कोणास परकी नाही. समजा, कार्तिकात एका गृहस्थाने दोर सोडून पाहिले, आणि गावास सांगितले की सार्वजनिक विहिरीत पाच परस पाणी आहे, गेल्या वर्षी ह्याच सुमारास आठ होते, आणि वरच्या अंगाला चार नव्या बोअर ऊसासाठी चालू झाल्या आहेत. तेव्हा हे पाणी चैत्रापर्यंत पुरणार नाही. हे बोलणे वाईट बातमीचे आहे खरे. पण त्यात दोर आहे, माप आहे, गेल्या वर्षाशी तुलना आहे, आणि कारणही आहे. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा हेच काम मोठ्या प्रमाणावर करिते. ठरावीक निरीक्षण विहिरींचे पाणी ती वर्षातून चार वेळा मोजते. त्या मापाला कोणी निराशावादी म्हणत नाही, कारण ते कागदावर असते. मग गावच्या माणसाच्या दोरालाच ते विशेषण का? त्याचे खरे उत्तर असे असते की, ज्यांच्या बोअर आहेत त्यांना ते माप गैरसोयीचे आहे. ज्या वाक्याला उत्तर देता येत नाही त्या वाक्याला विशेषण लाविले म्हणजे उत्तर दिल्यासारखे वाटते.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. २०१६ सालच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे वाचकांस आठवत असेल. आपल्या केज तालुक्याच्या कडेला धनेगावचे मांजरा धरण आहे. लातूरची तहान तेच भागवी, आणि ते तेव्हा कोरडे पडले होते. त्या उन्हाळ्यात चारा छावणीच्या सावलीत बसून पुष्कळ माणसे म्हणत, “मराठवाडा आता संपला. ह्यापुढे पाऊस नाही. धरण पुन्हा भरत नसते.” त्याच वर्षी सप्टेंबराच्या अखेरीस असा पाऊस लागला की मांजरा धरण भरले आणि नदीकाठच्या लोकांस पुराची काळजी पडली. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात तर सिंदफणा व गोदावरी ह्यांच्या काठी उभी पिके पाण्याखाली गेली. धरण कधीच भरणार नाही म्हणणाऱ्यांचे वाक्य खोटे ठरले, एवढ्यावरून मी त्यास दोष देत नाही. विहिरीचे माप सांगणाराही चुकू शकतो. दोष असा की त्या वाक्याला माप नव्हते, मुदत नव्हती, आणि ते ऐकून कोणास काही करता येत नव्हते. चैत्रापर्यंत पाणी पुरणार नाही हे ऐकल्यावर मनुष्य उपसा कमी करितो, चारा राखतो, नाल्यातला गाळ काढितो. मराठवाडा संपला हे ऐकल्यावर तो अंथरूण ओढून घेतो. ‘निराशावादी’ हे विशेषण लावावयाचे तर ह्या दुसऱ्या वाक्याला लावावे. वाक्याला लावावे असे म्हणतो, माणसाला नाही. कारण तोच मनुष्य संध्याकाळी उठून छावणीतल्या गाईला पेंड घालीत होता.

शास्त्रात ह्याचा एक नमुना आहे, आणि उपदेशक बंधूंनी तो मंडळीत अवश्य सांगावा. यिर्मया संदेष्ट्याने मानेवर लाकडी जू घेऊन लोकांस सांगितले की बाबेलचे जोखड आपणांवर येत आहे आणि ते वाहावे लागेल. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा पुढे आला, त्याने ते जू मोडले, आणि दोन वर्षांच्या आत सर्व बंदिवान व मंदिरातील पात्रे परत येतील असे सर्वांसमक्ष सांगितले. लोकांस कोण आवडला असेल हे सांगावयास नको. हनन्या शुभ बोलत होता. पुढे वेढा पडला तेव्हा सरदारांनी यिर्मयावर आरोप ठेविला तो असा की, हा मनुष्य शिपायांचे हात दुबळे करितो. हा आरोप नीट ऐकावा. तो खोटे बोलतो असे ते म्हणाले नाहीत. त्याच्या बोलण्याने धीर खचतो, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि त्याबद्दल त्याला चिखलाच्या हौदात उतरविले.

परंतु हाच यिर्मया, शत्रूचा वेढा पडलेला असताना व स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, आपला चुलतभाऊ हनामेल ह्याजकडून अनाथोथ येथील शेत विकत घेतो. सत्रा शेकेल रुपे तोलून देतो. साक्षीदार घालून खरेदीखत करितो. आणि ते खत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेववितो. आपल्यापैकी ज्यांनी सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या कचेरीत खेपा घातल्या आहेत त्यांस ह्या गोष्टीची किंमत लवकर कळेल. ज्या जमिनीवर उद्या शत्रूचा घोडा चरणार आहे तिचे खत कोण करितो? आणि ज्याने हे खत केले त्याला निराशावादी म्हणावे काय?

ह्याहून माझ्या मते महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने बाबेलातील बंदिवानांस पाठविलेले पत्र. त्यात त्याने दोन नव्हे, सत्तर वर्षांचा काळ सांगितला, आणि त्याबरोबरच सांगितले की घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा. हनन्याच्या दोन वर्षांवर ज्याचा भरवसा असेल तो कशाला घर बांधील? तो बोचके बांधून दाराशी बसेल, आणि दोन वर्षांनी त्याच्याजवळ घरही नाही व परतीची वाटही नाही. गोड भविष्य सांगणाऱ्याने लोकांचे हात थांबविले असते. ज्याच्यावर हात दुबळे करण्याचा आरोप होता, त्याने त्यांच्या हातांस काम दिले.

हे वाचून आपल्या ऊसतोड कामगार बंधुभगिनींस आपल्या घरची गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम दारी येतो, कोयत्यामागे उचल देऊ करितो, आणि त्याचे बोलणे फार आशावादी असते. ऊस भरपूर आहे, कारखाना लवकर सुरू होईल, फड जवळ आहे, पट्टा पडेपर्यंत उचल फिटून वर शिल्लक राहील. घरातली बाई चुलीपुढून म्हणते, “गेल्या साली मी दोन आठवडे तापाने कोपीत पडून होते. कारखाना मध्ये बंद पडला ते दिवस धरा. बैल आजारी पडला तो खर्च धरा. एका हंगामात एवढी उचल फिटत नाही. बाकी राहील, आणि पुढच्या वर्षीही त्याच टोळीत जावे लागेल.” नवरा तिला म्हणतो, “तुझे नेहमीच असे निराशावादी.” वाचकहो, ह्या घरात निराशावाद कोठेच नाही. तिने दिवस मोजले, आजार मोजला, आणि वजाबाकी केली. वजाबाकी ही आशेची शत्रू आहे असे कोणी कोणास शिकविले, हे मला समजत नाही. ज्याला ती वजाबाकी नको होती तो मुकादम; पण त्याला बोलावेच लागले नाही, नवऱ्याने त्याचे काम केले.

अर्थात ह्यावरून असे म्हणता येत नाही की काळे भविष्य सांगणारा तो नेहमी प्रामाणिक. काळ्या भविष्याचाही धंदा होतो, आणि आपल्याच जिल्ह्यात तो झाला. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची गोष्ट बाहेर आली तेव्हा राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ब्याऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांत पुष्कळ तरुण होत्या. कित्येकींनी सांगितले की पोटात दुखते म्हणून गेलो, तर पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल असे भय घातले गेले. आणि पाळीच्या दिवसांत फडावर खाडा पडला तर दंड बसतो, म्हणून तेही भय त्या भयाला जाऊन मिळाले. येथेही एक भविष्य सांगितले गेले, आणि तेही वाईट. ते विहिरीवरच्या दोरासारखे होते काय? त्याला तपासणी नव्हती, दुसरे मत घेण्यास अवकाश नव्हता, आणि सांगणाराचा त्यात नफा होता. मुकादमाचे गोड भविष्य व हे काळे भविष्य एकाच माळेचे मणी होत. दोहोंतही ऐकणाराला घाईने अंगठा उठवावा लागतो.

तेव्हा भविष्य काळे की उजळ, एवढे पाहून विशेषण लाविले तर आपण फसतो. आणि एक गोष्ट अशी आहे की जिला हे विशेषण खरोखर शोभते, तिला आपण ते कधीच लावीत नाही. “पोरीला दहावीच्या पुढे शिकवून काय करायचे, शेवटी कोयताच हाती यायचा.” “आपल्या माणसांना कोण बँकेत उभे करणार?” “आमच्या नशिबी हेच.” हे बोलणारास आपण व्यवहारी म्हणतो, अनुभवी म्हणतो, त्याचे केस पांढरे असले तर मान डोलवितो. पण ह्या वाक्यांत शेवट आधी ठरविलेला आहे, माप नाही, मुदत नाही, आणि ऐकणाऱ्या मुलीस करण्यासारखे काही शिल्लक ठेविलेले नाही. निराशावादाचे ह्याहून शुद्ध उदाहरण मला तरी आणखी मिळणार नाही. मंडळीच्या पंचांनी एखादी बैठक केवळ ह्यासाठी भरवावी की आपल्या मागील सहा महिन्यांच्या बोलण्यात अशी किती वाक्ये आली. मला वाटते इतिवृत्त लांबलचक होईल.

आता तिसऱ्या वाक्याविषयी, कारण ते सर्वांत नाजूक आहे. “अलीकडे मी निराशावादी झालो आहे” असे एखादा शेतकरी म्हणतो, किंवा त्याच्याविषयी घरचे म्हणतात. तो जेवत नाही, पहाटे तीनला उठून बसतो, बांधावर जात नाही, कोणी हाक मारिली तर ओ देत नाही, आणि मधूनच म्हणतो की माझ्यामागे सगळे सुटतील. त्याला मत म्हणून काही नाही. त्याने वाद धरलेला नाही. तो आजारी आहे, किंवा ओझ्याखाली चेपला आहे, किंवा दोन्ही. आपल्या जिल्ह्यात अशा माणसांनी आपले जीव दिले आहेत, आणि त्यांची घरे आपल्या शेजारीच आहेत. अशा मनुष्यास निराशावादी म्हणून उपदेश करणे म्हणजे तापाने फणफणलेल्याशी वाद घालणे होय. त्याला आशेची व्याख्यानेही लगेच देऊ नयेत. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसला व आता पुरे, माझा प्राण घे असे म्हणाला, तेव्हा देवाच्या दूताने त्याला शब्द लाविला नाही की बोल लाविला नाही. त्याला निजू दिले, मग निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी त्याच्या उशाशी ठेविले. तो खाऊन पुन्हा निजला, तर पुन्हा उठवून खावयास दिले. बोलणे त्यानंतर पुष्कळ झाले.

म्हणून उपदेशक बंधूंस माझे सांगणे आहे की अशा घरी गेल्यावर आधी बसावे. तुमच्या मनात जीव द्यावयाचे येते काय, असे सरळ, हळू आवाजात विचारावे. असे विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरते ही समजूत खरी नाही, उलट पुष्कळ वेळा माणसास मोकळे वाटते. घरातील औषध, म्हणजे पिकावर फवारावयाचे विष, दुसऱ्याच्या कुलपात ठेवावे. त्या माणसास एकटे सोडू नये, सरकारी दवाखान्यात त्याच्याबरोबर स्वतः जावे. सरकारने २०२२ सालापासून टेलि-मानस नावाची दूरध्वनी सेवा चालविली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक मंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. सणांची यादी लावितो तेथेच लिहावा, म्हणजे पाहणाराला कोणी पाहिले तरी संकोच वाटणार नाही.

एका तरुण शिक्षकाने मला विचारिले की, हे सर्व खरे, पण मुलांना वाक्यात उपयोग करा म्हणून सांगितले तर त्यांनी लिहावे काय? प्रश्न योग्य आहे. मी म्हणेन, शब्द शिकवावा, टाळू नये. पण विशेष्य कोणते घ्यावयाचे ते मुलांकडून नीट निवडवून घ्यावे. “माझे काका निराशावादी आहेत” ह्या वाक्यापेक्षा “शिकून काही होत नाही, हे काकांचे म्हणणे निराशावादी आहे” हे वाक्य लांब आहे, पण काका त्यात मोकळे राहतात. उद्या ते दुसरे काही म्हणू शकतील. “मी निराशावादी आहे” ह्याऐवजी “पेपर अवघड गेल्यापासून मी निराश झालो आहे” असे मुलाने लिहिले तर त्यात कारण आले, आणि कारण आले की शिक्षकास विचारता येते. “पाणी पुरणार नाही हे मास्तरांचे म्हणणे निराशावादी आहे” असे कोणी लिहिले, तर त्या मुलाला दोर देऊन विहिरीवर पाठवावे, आणि तो परत आल्यावर वाक्य पुन्हा लिहावयास सांगावे.

आणि त्या शिक्षकास मी एक कोडेही घातले, ते वाचकांसही घालतो. मृगाच्या तोंडी आभाळ भरून येते. आपल्याकडचा कोरडवाहू शेतकरी पाऊस पडण्यापूर्वीच तापलेल्या मातीत सरकी टोबतो, ज्याला आपण धूळपेरणी म्हणतो. पाऊस आला नाही तर ते बी जळून जाणार, हे त्याला पक्के ठाऊक आहे. म्हणून तो सगळे बी टाकीत नाही. काही पिशव्या माळ्यावर राखून ठेवितो, दुबार पेरणीसाठी. बाजरी पेरितो तेव्हा तिच्या ओळींत तूर घालितो, मटकी घालितो, एवढ्यासाठी की एक गेले तर दुसरे लागावे. शेतात टाकलेले बी पाहून त्याला एक विशेषण लावावेसे वाटते, आणि माळ्यावरची पिशवी पाहून दुसरे. मनुष्य एकच, दिवसही एकच. शिक्षकाने पुष्कळ विचार करून म्हटले की ह्या माणसाला ह्या जोडीतला कोणताच शब्द बसत नाही. मी त्याला विचारिले, मग आपल्या गावात कोणाला बसतो? त्यावर त्याने वहीतली ती जोडी पुन्हा एकदा वाचली, आणि मुलांची सुटी झाल्याची घंटा वाजली.